दोन महिन्यांत परदेशी निघायचंय, मुलांच्या शाळेचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची बदली परदेशी होते आहे. दोन देशांपैकी कोणता, ते महिन्याभरात कळेल आणि निघायला दोन महिने उरलेत. मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी तेरा पूर्ण. चांगली शाळा कशी निवडायची, कागद कोणते लागतात, वर्ष वाया जाईल का, आणि घरात आत्तापासून तिकडची भाषा बोलायला लागायचं का, असं तुम्ही विचारलंय. या सगळ्यात मुलीबद्दल एकच वाक्य आहे: 'ती हुशार आहे, तिचं ती निभावून नेईल.' बाकी सगळी काळजी धाकट्याची.

गेली १९ वर्षं मी परदेशातून आलेल्या मुलांचे शाळाप्रवेश बघते. आधी शाळेच्या ऑफिसात टेबलाच्या त्या बाजूला होते, आता पालकांच्या बाजूला बसते. हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की सरळच सांगते: तुमची काळजी उलटी वाटली गेली आहे. धाकटा रडेल, शाळेच्या दारात पाय रोवून उभा राहील, म्हणून लक्ष त्याच्याकडे जातं. पण त्याच्या हातात चुका पचवायला दहा-अकरा वर्षं आहेत. मुलीच्या हातात दोन-तीन. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते, कागदपत्रं मागाहून.

तेरा-चौदाच्या आसपास बऱ्याच देशांत शिक्षणाचे रस्ते फुटतात. जर्मनीत तर त्याआधीच फुटलेले असतात. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. तेरा वर्षांची मुलगी तिथे पोचली की 'कोणती शाळा' याच्या आधी 'कोणत्या प्रकारची शाळा' हा प्रश्न उभा राहतो. प्रकार नंतर बदलता येतो, पण वर्षागणिक ते जड होत जातं. इंग्लंडमध्ये जीसीएसई ही माध्यमिक शाळेची मोठी परीक्षा सोळाव्या वर्षी असते, तिचा अभ्यास साधारण चौदाव्या वर्षी सुरू होतो आणि विषय त्याच्याही आधी निवडलेले असतात. मध्येच आलेल्या मुलीला, ज्या वर्गात खुर्ची रिकामी आहे तो विषय मिळतो. जुन्या आणि नव्या शाळेचं परीक्षा मंडळ वेगळं असेल तर बराच भाग पुन्हा करावा लागू शकतो. अमेरिकेत नववीपासून विषयवार क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचं माप, मोजली जातात आणि शाळा पूर्ण झाल्याचा डिप्लोमा त्यांच्या बेरजेवर मिळतो. परदेशात केलेल्या अभ्यासाची किती क्रेडिट धरायची, ते तिथली शाळा तुमचे कागद बघून ठरवते. सिंगापूरला बाहेरून येणाऱ्या मुलांना सरकारी शाळेत जायचं तर प्रवेशपरीक्षा आहे, आणि पास झालं तरी जागा मिळेलच असं नाही.

तेव्हा शाळेची चौकशी करताना शाळेचा नंबर कितवा, हे पहिल्यांदा विचारू नका. 'या इयत्तेत ती आत्ता बसली तर पुढे कोणत्या वाटा उघड्या राहतात, कोणत्या बंद होतात, आणि ते कधी ठरतं?' असं विचारा. ऑफिसातल्या माणसाला याचं उत्तर देता आलं नाही तर मुलांच्या समुपदेशकाला किंवा त्या इयत्तेच्या प्रमुखांना भेटायची वेळ मागा. फोनवर मिळालेलं उत्तर पुरेसं समजू नका, ईमेलवर घ्या.

हे लेखी घेण्याचं वेड मला एका मुलामुळे लागलं. चौदा वर्षांचा होता, वर्षाच्या मध्यावर आला. गणितात पक्का. शाळेने चाचणी घेतली ती शाब्दिक उदाहरणांची, नव्या भाषेत. साहजिकच अर्धी उदाहरणं त्याला वाचताच आली नाहीत आणि त्याला गणिताच्या खालच्या गटात टाकलं. 'तात्पुरतं आहे, भाषा आली की बघू,' असं तोंडी सांगितलं गेलं. पालकांनी विश्वास ठेवला, शिक्षिका बदलल्या, आणि दीड वर्ष कुणीच काही बघितलं नाही. मग वरच्या गटाचा अभ्यासक्रम इतका पुढे निघून गेला होता की वर जाणं कागदावरच शक्य राहिलं. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता, फक्त तारीख कुणी ठरवली नव्हती. आता मी प्रत्येक पालकाला सांगते: मुलाला ज्या गटात बसवतील तिथे बसू द्या, वाद घालू नका, पण पुन्हा कधी तपासणार ती तारीख घेऊनच बाहेर या.

वर्ष वाया जाण्याबद्दल. बहुतेक सरकारी शाळा इयत्ता ठरवतात ती जन्मतारखेवरून, गुणांवरून नाही. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात, जपानमध्ये २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंतची. ऑस्ट्रेलियात शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होते, जपानमध्ये एप्रिलमध्ये, युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यामुळे पहिलीत असलेलं मूल उतरताच दुसरीत जातं, किंवा झालेलं अर्धं वर्ष पुन्हा करतं. धाकट्याच्या बाबतीत या अर्ध्या वर्षासाठी भांडणारे पालक मला दर वर्षी भेटतात आणि मी दर वर्षी तेच सांगते: सोडा. फिनलंडमध्ये मुलं मुळात सातव्या वर्षी शाळेत जातात, नेदरलँड्समध्ये चौथ्या वाढदिवसापासून. कोण पुढे, कोण मागे, हे त्या वयात मोजायचं कशाने?

मुलीचा हिशेब वेगळा. तिला एक इयत्ता खाली बसू द्यायला शाळा तयार असेल तर अपमान समजून उडवून लावू नका. मोठ्या परीक्षेच्या आधी भाषेसाठी एक जादा वर्ष मिळणं ही त्या वयात चैन आहे. पण तिला विचारल्याशिवाय हे करू नका. वयाने लहान मुलांत बसणं एखादीला काहीच वाटत नाही, एखादीला रोज टोचतं. काही ठिकाणी शाळा वयाप्रमाणेच बसवण्याबाबत ठाम असतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आता भाषा. घरात तिकडची भाषा बोलायला लागू नका. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत आईबाप बोलू लागले की मुलांना ती भाषा धड येत नाहीच, वर घरातलं बोलणंही आटतं. तुमची भाषा तुम्ही पूर्ण ताकदीने बोला. मूल 'का' आणि 'कसं' ज्या भाषेत शिकतं, ते दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. जिम कमिन्स या भाषातज्ज्ञाने १९७९ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: खेळायच्या मैदानावरची बोलण्याची भाषा आणि पुस्तकातली अभ्यासाची भाषा. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीत वर्गातल्या इतर मुलांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षं लागतात. माझ्या अनुभवात हा आकडा लहान मुलांना फारसा छळत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या शाळेची मात्र पाचच वर्षं उरलेली असतात.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. एक मुलगी आठ महिन्यांत मैत्रिणींशी त्यांच्याच ढंगात चेष्टा करायला लागली होती. आईबाप खूश, शिक्षक खूश. तिचा जादा भाषावर्ग बंद केला. तीन महिन्यांनी विज्ञानात नापास. मी तिच्याबरोबर पेपर घेऊन बसले. 'प्रकाशसंश्लेषण' तिला येत होतं, तो शब्द धड्यात ठळक छापलेला असतो. अडत होते ते 'याउलट', 'गृहीत धरा', 'च्या प्रमाणात', 'वगळता' असले शब्द. ते कुणी शिकवत नाही आणि मैदानावर कुणी बोलत नाही. तेव्हा मुलगी फाडफाड बोलायला लागली म्हणून भाषेची मदत बंद करू देऊ नका. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म भरून घेतात. 'आमच्या मुलावर शिक्का बसेल' या भीतीने पालक तिथे खोटं लिहितात आणि मुलाला मिळणारी मदत स्वतःच घालवतात.

कुठे थेट वर्गात बसवून दिवसाचे काही तास भाषा शिकवतात, कुठे आधी वेगळा वर्ग असतो. फिनलंडमध्ये तयारीचा वर्ग साधारण वर्षभराचा, फ्रान्समध्ये आणि जर्मनीतही नव्याने आलेल्या मुलांसाठी असे वर्ग आहेत. ते वाईट नाहीत, पण तिथे मूल रुतू शकतं. विचारायचं ते एवढंच: खेळ, चित्रकला, गणित या तासांना ते नेहमीच्या वर्गात जातं का, आणि पूर्णपणे कधी जाईल? स्वीडनमध्ये, बसणाऱ्या अटी असतील तर, सरकारी शाळेतून मातृभाषेचे तासही मिळतात. मागितले तरच कळतं. आणि एक अपवाद: कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून येणाऱ्या बहुतेक मुलांना सरकारी शाळा फ्रेंचमध्येच करावी लागते, तात्पुरत्या मुक्कामाला आलेल्यांना सूट मिळू शकते. 'कॅनडा म्हणजे इंग्रजी' असं धरून चालणारे तिथे गडबडतात.

पहिले काही महिने धाकटा वर्गात अवाक्षर काढणार नाही. घाबरू नका, तो ऐकत असतो आणि साठवत असतो. फक्त जाण्याआधी त्याच्याकडून तीन वाक्यं तिकडच्या भाषेत घोटून घ्या: मला बाथरूमला जायचं आहे, मला समजलं नाही, माझं पोट दुखतंय. सहा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच दिवशी पहिल्या वाक्यासाठी अडून बसला. अर्धा तास नुसता बाईंकडे बघत राहिला. पुढचं तुम्हाला कळलंच. त्यानंतर तीन आठवडे तो शाळेच्या पायऱ्या चढेना, आणि सगळे समजत होते की मुलाला नवा देश आवडला नाही.

शाळा कोणती, याचं उत्तर बहुतेक देशांत पत्ता देतो. सरकारी शाळेची जागा घराच्या पत्त्याला बांधलेली असते, म्हणून घर आधी आणि शाळा नंतर असं होतं. खरं तर शाळा बघून घर बघायचं, आणि करार करण्याआधी त्या शाळेत त्या इयत्तेत जागा आहे का, हे स्थानिक शिक्षण कचेरीला विचारायचं. घराच्या खिडकीतून शाळा दिसते म्हणून प्रवेश मिळाला असं होत नाही. इंग्लंडमध्ये शाळा भरलेली असेल तर प्रतीक्षायादी लागते, आणि ती आधी आलेल्याला आधी अशी चालत नाही. अंतर, भावंडं अशा निकषांवर लागते. तुमच्या मागून आलेलं कुटुंब तुमच्या पुढे जाऊ शकतं. नातेवाइकाचा पत्ता दाखवून प्रवेश घ्यायचा मोह होतो, तो टाळा. खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते, आणि ती नको त्या वेळी काढून घेतली जाते.

पहिला महिना बहुतेकांचा कंपनीच्या तात्पुरत्या घरात जातो. त्या पत्त्यावर अर्ज चालतो का, सही केलेला भाडेकरार पुरतो का, की राहायला गेल्यावरचं वीजबिलच हवं, हे निघायच्या आधी ईमेलने विचारून घ्या. एका कुटुंबाची मुलं यावरून सात आठवडे घरी बसलेली मी पाहिली आहेत.

हक्काबद्दलही थोडं. प्राथमिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं आणि मोफत असावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात आहे. अमेरिकेत १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यापासून व्हिसाच्या स्थितीवरून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही. जर्मनीत शाळेत जाणं हे कर्तव्य आहे, घरी शिकवणं जवळपास चालतच नाही. फ्रान्समध्ये २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे. जपानमध्ये मात्र परदेशी मुलांना सक्ती नाही. मागितली तर सरकारी शाळा मिळते, पण तुम्ही कचेरीत गेला नाहीत तर कायद्याने कुणी हटकेल असं नाही. ऑस्ट्रेलियात काही राज्यांत, तात्पुरत्या व्हिसाच्या काही प्रकारांवर सरकारी शाळाही फी घेते. नोकरीचा पगार ठरवताना हे माहीत हवं.

आंतरराष्ट्रीय शाळेचा विषय तुम्ही काढला नाही, पण कंपनी काढेल. माझं मत असं: तीन वर्षांच्या आत पुन्हा हलायचं असेल तर मुलीसाठी ती बघा. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हा अभ्यासक्रम १९६८ मध्ये सुरू झाला तो देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची अडचण ओळखूनच. मुक्काम लांबचा असेल तर धाकट्याला तिथल्या शाळेतच घाला, नाहीतर दहा वर्षांनीही तो त्या गावात पाहुणाच राहील. कंपनी फी देणार असेल तर किती वर्षं आणि कोणत्या इयत्तेपर्यंत, हे नोकरीच्या पत्रात लिहून घ्या.

कागदपत्रांची यादी तुम्हाला तिथली शाळा देईलच: जन्मदाखले, पासपोर्ट, गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद, पत्त्याचा पुरावा. काही देश जन्मदाखल्यावर अपोस्टिल मागतात. कागद खरा असल्याचं परदेशात सांगणारा, १९६१ च्या हेग करारातून आलेला तो शिक्का आहे, आणि तो कागद जिथे निघाला त्या देशातच मिळतो, म्हणून निघायच्या आधी घ्यावा लागतो. भाषांतर मात्र तिकडे जाऊन तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतलेलं बरं, इकडचं बऱ्याचदा परत करतात. यादीत नसतं ते मी सांगते.

तारखा आकड्यांत लिहू नका. एका मुलाचा जन्म ६ सप्टेंबरचा, शाळेच्या दाखल्यावर ०६/०९ असं लिहिलेलं. तिकडच्या ऑफिसात महिना आधी वाचायची पद्धत, त्यांनी ९ जून धरला. इयत्तेची सीमा १ सप्टेंबर. मूल एक वर्ग पुढे जाऊन बसलं आणि परत यायला तीन आठवडे लागले. दाखल्यावर महिना अक्षरात लिहून मागा. नावाचंही तेच. पासपोर्टवर जे स्पेलिंग आणि जो क्रम आहे, तोच सगळीकडे हवा.

प्रगतिपुस्तकाबरोबर गुणांची पद्धत सांगणारं एक पत्र शाळेच्या लेटरहेडवर घ्या. जर्मनीत १ म्हणजे सर्वांत चांगला आणि ६ म्हणजे नापास. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ६ सर्वांत चांगला आणि १ सर्वांत वाईट. नुसता आकडा काहीच सांगत नाही. मुलीच्या सगळ्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो काढा, झालेल्या धड्यांवर खूण करा, आणि गणित-विज्ञानाची एकेक भरलेली वही बरोबर न्या. क्रेडिट ठरवणाऱ्या माणसाला शिक्क्यांच्या कागदांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. हे सगळं निघायच्या आधीच गोळा करा. मूल शाळेतून निघालं की जुन्या शाळेच्या ऑफिसातला उत्साहही निघून जातो.

वहीवरून आठवलं. अकरा वर्षांच्या एका मुलाला १.२५० ग्रॅम असं छापलेलं उदाहरण दिलं होतं. त्याने सव्वा ग्रॅम धरून सगळं बिनचूक सोडवलं आणि शून्य गुण मिळवले. त्या देशात टिंब हजाराचं असतं आणि दशांशाला स्वल्पविराम. भागाकाराची मांडणीही देशोदेशी निराळी. पहिल्या आठवड्यात त्यांच्या गणिताच्या पुस्तकाची दहा पानं मुलांबरोबर चाळा.

लसीकरणात एक जागा हमखास अडते. गोवराची लस काही देशांत नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाच्या चार दिवसांहून आधी दिलेला डोस मोजतच नाहीत, आणखी एक द्यावा लागतो. जर्मनीत मार्च २०२० पासून शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. तसं झालं तर घाबरू नका, रक्ताची इग्रा चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. कार्डावर प्रत्येक डोसची पूर्ण तारीख हवी, नुसती बरोबरची खूण नको.

मुलांपैकी कुणाला शिकण्यात, ऐकण्यात, लक्ष लागण्यात काही अडचण असेल तर त्याचे अहवाल लपवू नका. तिकडे नव्याने तपासतातच, पण जुना अहवाल हातात असेल तर अडचण भाषेची की आणखी कशाची, यात वर्ष जात नाही.

देश नक्की झाला की पहिल्या दोन दिवसांत तिथल्या शिक्षण कचेरीला ईमेल टाका. उन्हाळ्याच्या सुटीत ही ऑफिसं अर्धी रिकामी असतात. आणि त्याआधी, आजच, मुलीला समोर बसवून विचारा की काहीही झालं तरी तिला कोणता विषय सोडायचा नाहीये. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नसतो. पहिल्या भेटीत तो विषय तुम्ही आपणहून काढायचा, आणि शक्यतो तिला स्वतःला बोलू द्यायचं, अडखळत का होईना.